तरवडीचा ‘दीनमित्र’
काष्टीचा जनावरांचा बाजार ठाऊक नाही असा माणूस आपल्या नगर जिल्ह्यात विरळाच. पण याच जिल्ह्यातल्या खेड्यातून सत्यशोधकांचं साप्ताहिक निघायचं, हे कितीजणांना माहीत आहे? मुकुंदराव पाटलांनी 1910 साली नेवासे तालुक्यातल्या सोमठाण्याहून ‘दीनमित्र’ सुरू केलं, पुढे ते तरवडीला नेलं आणि 1967 पर्यंत चालवलं. म्हणजे अर्धशतकाहून जास्त, तेही खेड्यात राहून! मुकुंदराव हे ‘दीनबंधू’ पत्र काढणाऱ्या कृष्णराव भालेकरांचे पुत्र. सावकारी, भटशाही, अस्पृश्यता, कशालाच त्यांनी सोडलं नाही. मला सर्वांत आवडतं ते त्यांचं ‘कुलकर्णी लीलामृत’ हे पुस्तक. पोथीचा थाट, ओव्यांची चाल, आणि आत चव्हाट्यावर मांडलेला गावकुलकर्ण्याचा कारभार. जुनी प्रत दिसली तर मला जरूर कळवा!