लग्नसराई, जत्रा आणि दुपारचे ऊन

होळी झाली की आपल्याकडे उन्हाची चाहूल लागते. पाडव्यापासून मृगाचा पाऊस पडेपर्यंत मराठवाड्यात उन्हाचेच राज्य असते. गंमत अशी की, माणसांची सर्वांत जास्त ये-जा याच दिवसांत असते. रब्बीची रास घरात आलेली असते, शेतातली कामे थोडी सैल झालेली असतात, मुलांच्या परीक्षा आटोपलेल्या असतात. त्यामुळे लग्ने, जावळे, जत्रा, सप्ताह सगळे दाटीवाटीने याच तीन महिन्यांत येते. नांदेडच्या इतवारा आणि सराफा भागात किंवा लातूरच्या गंजगोलाईभोवती बस्ता बांधायला आलेल्या वऱ्हाडाची झुंबड उडते.

अशीच झुंबड या दिवसांत दवाखान्यातही असते. कुणाला उन्हाळी लागलेली, कुणाच्या पायात गोळे, कुणाला चक्कर, कुणाला लग्नाच्या जेवणानंतर उलट्या-जुलाब. यांतले बहुतेक रुग्ण एक-दोन दिवसांत बरे होतात. पण दरवर्षी काही रुग्ण असे येतात की, अर्धा तास उशीर झाला असता तर हाती लागले नसते.

उन्हाळ्यात लग्न करू नका, जत्रेला जाऊ नका, असे सांगणारा हा लेख नाही. माणसांनी एकत्र येणे हेदेखील एक औषधच आहे. माझे म्हणणे इतकेच आहे की, आपल्या जुन्या रीतिरिवाजांना एक घड्याळ होते. रीती आपण ठेवल्या, घड्याळ मात्र बदलून टाकले.

जुने घड्याळ

चैत्रातले सण आठवून पाहा. हनुमान जयंतीचा जन्मोत्सव सूर्योदयाला होतो. गावच्या जत्रेत देवाचा छबिना रात्री निघतो. कुस्त्यांचा फड उन्हे कलल्यावर रंगतो. रामनवमीचा जन्मोत्सव दुपारी बाराचा खरा, पण तो देवळाच्या सावलीत होतो आणि सुंठवडा घेऊन माणसे घरी जातात. लग्नासाठी तर आपल्या परंपरेत गोरज मुहूर्त सांगितलेला आहे. गाई रानातून परतताना धूळ उडते, ती ही वेळ. उन्हाळ्यात याहून चांगली वेळ कोणता डॉक्टर सुचवील?

वेळेप्रमाणेच खाण्यापिण्याचेही होते. चैत्रगौरीच्या हळदी-कुंकवाला कैरीचे पन्हे आणि आंब्याची डाळ असते. पन्ह्यात गूळ किंवा साखर असते आणि चिमूटभर मीठ असते. घामावाटे गेलेले पाणी आणि क्षार भरून काढायला हे उत्तम पेय आहे. ज्वारीची आंबील आणि पातळ ताक यांचेही तसेच. अक्षय तृतीयेला पाण्याने भरलेल्या मातीच्या घागरीचे दान करतात. रस्त्यावर पाणपोई घालणे हे पुण्याचे काम मानले गेले. तहानलेल्याला पाणी देणे हा ज्या काळी उष्माघातावरचा मोठा उपाय होता, त्या काळातली ही शहाणी माणसे होती.

हे शहाणपण काही आपल्यापुरतेच नाही. भूमध्य समुद्रातल्या माल्टा बेटावर उन्हाळाभर गावोगावी ग्रामसंतांचे उत्सव भरतात. आपल्या जत्राच म्हणा ना. तिथेही मूर्तीची मिरवणूक संध्याकाळी निघते आणि दिव्यांचा आणि आतषबाजीचा थाट अंधार पडल्यावर असतो. स्पेन आणि दक्षिण इटलीतल्या जुन्या गावांत दुपारी दुकाने बंद ठेवण्याची पद्धत आहे. माणसे जाड भिंतींच्या घरात खिडक्या लावून पडतात आणि ऊन उतरले की चौकात येतात. तो आळस नव्हे, ती उन्हाशी केलेली तडजोड आहे.

दुपारचे लग्न

आता आपले चित्र पाहा. पत्रिकेत मुहूर्त छापलेला असतो दुपारी बारा वाजून पस्तीस मिनिटांचा. वऱ्हाड दहाच्या सुमारास टेम्पोतून उतरते. त्यानंतर परण्या निघतो. मारुतीच्या देवळापासून मांडवापर्यंतचे अंतर दोन फर्लांग, पण नाचणाऱ्यांमुळे त्याला दीड तास लागतो. अक्षता पडतात दोन वाजता आणि शेवटची पंगत उठते चारला. डोक्यावर तापलेला पत्रा किंवा कापडी मांडव, अंगावर शालू, सूट, शेरवानी.

दुपारचे लग्न रूढ झाले त्यालाही कारणे आहेत. पूर्वी वऱ्हाड मुक्कामाला असे. आता एका दिवसात सगळे उरकायचे असते. पाव्हण्यांना शेवटची एस.टी. गाठायची असते, यजमानाला दोन वेळच्या जेवणाचा खर्च झेपत नाही. ही अडचण खरी आहे. पण तिच्यावर सकाळी नऊ-दहाचा मुहूर्त हाही उपाय आहे आणि गुरुजींना आधी सांगितले तर तसा मुहूर्त बऱ्याचदा काढून मिळतो.

या सगळ्यात सर्वांत जास्त सोसतात ते ज्यांच्याकडे कुणाचे लक्ष नसते ते. काही वर्षांपूर्वी मे महिन्यात माझ्याकडे बँडपथकातला विशीचा एक मुलगा आणला. जाड कापडाचा, गळ्यापर्यंत बटणे लावलेला गणवेश घालून तो दोन तास उन्हात वाजवत होता. मध्येच तो असंबद्ध बडबडू लागला, झोकांड्या खाऊ लागला. भोवतालची माणसे म्हणाली, “प्यायलाय.” आचाऱ्याने मात्र त्याच्या अंगाला हात लावून पाहिला. अंग तव्यासारखे तापलेले होते. आचाऱ्याने त्याचा गणवेश काढला, पिंपातले पाणी अंगावर ओतले, ओल्या पंचाने वारा घातला आणि तशाच ओल्या अंगाने त्याला जीपमध्ये घालून पाठवले. माझ्याकडे आला तेव्हाही ताप १०४ च्या वर होता. त्याला सलाईन लावून, अंग गार करीतच पुढे मोठ्या रुग्णालयात हलवले. तो वाचला. माझ्या मते त्याला वाचवण्याचे निम्मे श्रेय त्या आचाऱ्याचे आहे.

बायकांचे दुखणे आणखी वेगळे. लग्नाच्या ठिकाणी स्वच्छतागृह नसते, असले तरी जाण्यासारखे नसते. म्हणून अनेक जणी सकाळपासून पाणीच पीत नाहीत. दुसऱ्या दिवशी लघवीला आग, पोटात कळ, डोकेदुखी. उन्हाळी लागली म्हणून येणाऱ्या महिलांना मी एकच प्रश्न विचारतो, “काल कुठे लग्नाला गेला होता?” उत्तर बहुधा ‘हो’ असते.

मोठ्या कार्यक्रमांत काय घडू शकते, हे १६ एप्रिल २०२३ रोजी नवी मुंबईत खारघर येथे साऱ्या महाराष्ट्राने पाहिले. महाराष्ट्र भूषण पुरस्काराच्या सोहळ्याला लाखोंचा समुदाय उघड्या मैदानात बसला होता. त्यांतील १४ जणांचा मृत्यू झाला. त्या दिवशी तिथे पारा आपल्या मे महिन्याइतका चढलेलाही नव्हता. हवेतला दमटपणा, सावली नसणे आणि तासन्‌तास बसून राहणे या गोष्टी पाऱ्याइतक्याच घातक असतात.

शरीरात काय होते?

आपल्या शरीराचे तापमान ३७ अंश सेल्सिअस, म्हणजे ९८.६ अंश फॅरनहाइटच्या आसपास असते. बाहेर कितीही ऊन असले तरी ते तिथेच राखावे लागते. त्यासाठी शरीर घाम सोडते. घाम वाळताना त्वचा गार होते, अगदी माठातले पाणी गार होते तसे. उन्हात अंगमेहनत करणाऱ्या माणसाच्या शरीरातून तासाला एक लिटरपर्यंत घाम जाऊ शकतो. पाण्याबरोबर मीठही जाते. ते भरून निघाले नाही की पायात गोळे येतात, थकवा येतो, डोके दुखते, मळमळते, भरपूर घाम येतो. ही पहिली पायरी. सावलीत विश्रांती, मीठ-साखरेचे पाणी आणि थोडा वेळ यांनी माणूस सावरतो.

दुसरी पायरी म्हणजे उष्माघात. येथे शरीराची गार करणारी यंत्रणाच कोलमडते. ताप १०४ अंश किंवा त्याहून वर जातो. माणूस गोंधळतो, असंबद्ध बोलतो, झटके येतात किंवा बेशुद्ध होतो. त्वचा पुष्कळदा कोरडी आणि कढत लागते. पण नाचणाऱ्या किंवा कष्ट करणाऱ्या माणसाला घाम येत असतानाही उष्माघात होऊ शकतो. म्हणून घामावर जाऊ नका. तापलेले अंग आणि बिघडलेले भान, ही जोडी दिसली की उष्माघात समजा.

तेव्हा काय करावे?

१. रुग्णाला सावलीत न्या. अंगावरचे जाड कपडे काढा.

२. सर्वांगावर साधे गार पाणी ओता आणि जोरात वारा घाला. बर्फ असल्यास कापडात गुंडाळून मान, काखा आणि जांघांत ठेवा.

३. १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवा. ती येईपर्यंत आणि वाटेतही अंग गार करणे थांबवू नका.

४. शुद्ध नसेल किंवा भान नसेल तर तोंडातून पाणी घालू नका. ते श्वासनलिकेत जाते. अशा रुग्णाला कुशीवर वळवून ठेवा.

५. पॅरासिटामॉलची गोळी देऊ नका. हा जंतूंचा ताप नव्हे. त्या गोळीने तो उतरत नाही.

खिशात कांदा ठेवल्याने ऊन लागत नाही, असा समज आहे. कांदा जेवणात अवश्य खावा, पण खिशातल्या कांद्याच्या भरवशावर दुपारी बारा वाजता निघू नये.

माळवद गेले, स्लॅब आला

ऊन फक्त बाहेर लागते असे नाही. आपल्या भागातली जुनी घरे माळवदाची असत. जाड भिंती, वर लाकडी तुळया आणि त्यावर मातीचा जाड थर. दुपारी असे घर गार राही. पण ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीच्या भूकंपात याच दगडमातीच्या भिंती आणि माळवदे झोपलेल्या माणसांवर कोसळली. हजारो माणसे गेली. त्यानंतर लोकांनी स्लॅबची आणि पत्र्याची घरे बांधली. ते योग्यच केले. माळवदाकडे परत जा, असे कुणी म्हणू नये.

पण स्लॅबचा स्वभाव ध्यानात घ्यायला हवा. दिवसभर तो ऊन पितो आणि रात्री ते घरात सोडतो. पत्रा तर दुपारीच भट्टी करतो. घरातले सगळे लग्नाला जातात आणि म्हातारी माणसे अशा खोलीत एकटी राहतात. युरोपात २००३ च्या उन्हाळ्यात उष्णतेच्या लाटेत सुमारे ७०,००० माणसे दगावली. फ्रान्समध्ये मेलेल्यांत वृद्धांची संख्या मोठी होती आणि त्यांतले पुष्कळ जण सुट्ट्यांच्या दिवसांत एकटेच घरी होते.

स्लॅबला किंवा पत्र्याला वरून चुन्याचा पांढरा हात द्या. खोलीत फरक जाणवतो. दिवसा खिडक्या-पडदे लावा, रात्री उघडा. पारा ४० च्या वर गेल्यावर नुसता पंखा गरम हवाच अंगावर टाकतो. त्यापेक्षा ओल्या कापडाने अंग पुसून मग पंखा लावावा. लघवी वाढवणाऱ्या रक्तदाबाच्या गोळ्या किंवा काही मानसिक आजारांची औषधे चालू असतील तर उन्हाचा त्रास लवकर होतो. ती औषधे आपल्या मनाने बंद करू नका, पण उन्हाळ्याआधी डॉक्टरांना भेटा.

पाणी कोणते?

२०१६ च्या एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेने लातूरला पाणी आणावे लागले होते. अशा मुलखात पाणी जपून वापरण्याची सवय चांगली. पण ती काटकसर पिण्याच्या पाण्यात करू नये. तहान लागायची वाट न पाहता थोडे थोडे प्यावे. लघवी पिवळी होऊ लागली की पाणी कमी पडते आहे असे समजावे.

मांडवात जलसंजीवनीची पाकिटे ठेवावीत. एक मोठे पाकीट एक लिटर पाण्यात पूर्ण विरघळवावे. पाकीट नसेल तर एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात चहाचे सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ घालावे. मधुमेह, रक्तदाब किंवा मूत्रपिंडाचा विकार असणाऱ्यांनी मीठ-साखरेच्या पेयांचे प्रमाण डॉक्टरांना विचारून ठरवावे. सरबतातला बर्फ कोणत्या पाण्याचा आहे, याची चौकशी यजमानाने जरूर करावी. सकाळी शिजवलेले वरण, बासुंदी दुपारी चारपर्यंत मांडवात उघडे राहिले तर जुलाबाची लागण व्हायला वेळ लागत नाही.

यजमानांना विनंती

मुहूर्त सकाळचा किंवा गोरज धरा. दुपारचाच असेल तर परण्या सकाळी लवकर काढा आणि अर्ध्या तासात मांडवात आणा. पाण्याचे पिंप जेवणाच्या जागीच नव्हे, तर परण्याच्या वाटेवरही ठेवा. बँडवाले, आचारी, वाढपी आणि चालक यांना पाणी आणि सावली मिळते की नाही हे पाहण्यासाठी घरातला एक जाणता माणूस नेमा. महिलांसाठी स्वच्छतागृहाची सोय पाहूनच जागा ठरवा. घरी राहिलेल्या वृद्धांकडे शेजाऱ्याला दुपारी एक चक्कर मारायला सांगा.

‘कृपया आहेर आणू नये’ असे आपण आता पत्रिकेत आवर्जून छापतो. त्याच्याच खाली ‘लग्न ठरल्या वेळी लागेल’ अशी आणखी एक ओळ छापावी आणि ती पाळावी. पाव्हण्यांवर आणि वाजंत्र्यांवर याहून मोठा उपकार नाही.