‘माझी माणसं’: वर्गात घराविषयी बोलताना

गंगाखेड, पालम, सोनपेठ भागात दिवाळीच्या आगेमागे गावातली घरं ओस पडू लागतात. कोयता (ऊसतोडीला जाणारी नवरा-बायकोची जोडी) कारखान्यावर गेला, की मूल आजीजवळ राहतं नाहीतर हंगामी वसतिगृहात, म्हणजे तोडीच्या काळापुरत्या केलेल्या सोयीत. कुणाचे वडील वारलेले असतात, कुणाची आई माहेरी परतलेली. अशा वर्गात ‘माझे कुटुंब’ हा उपक्रम आपण कसा घ्याल?

आधी माहिती काढा, पण सगळ्यांसमोर नको. ‘ज्यांचे वडील गावी नाहीत त्यांनी हात वर करा’ हे तर मुळीच नको. मधल्या सुट्टीत एकेकाशी बोललं की पुरतं.

मग वंशवृक्ष बाजूला ठेवा. त्यात आई-वडिलांच्या चौकटी आधीच आखलेल्या असतात. एक रिकामी राहिली की शेजारचं पोर डोकावतंच. त्याऐवजी कोऱ्या कागदावर मधोमध मुलाला स्वतःचं नाव लिहू द्या.

आता सावकाश प्रश्न विचारा. सकाळी कोण उठवतं? भाकरी कोण करतं? ताप आला तर दवाखान्यात कोण नेतं? फोन कुणाला करावासा वाटतो? उत्तरात येईल ते माणूस एका गोलात: चुलती, मामा, वसतिगृहातल्या स्वयंपाकवाल्या मावशी. फडावरच्या आईसाठी रेघ लांब ओढली तरी चालेल. फळ्यावर आपला कागद आधी काढून दाखवा, म्हणजे मुलांची भीड चेपते.

बिघडतं ते बहुधा इथेच, आणि तेही आपल्या मायेपोटी. ‘अरे, बाबांचं नाव राहिलं’ असं आपण बोलून जातो, किंवा ‘बिचारी’ म्हणतो. वारलेल्या माणसाला गोल द्यायचा की नाही, ते मूल ठरवेल. कुणी ‘ह्याला बाप नाही’ म्हणालं, तर ‘ज्याचा कागद, त्याची माणसं’ एवढं सांगून पुढे चला. कागद भिंतीवर लावायचा तो मुलाला विचारूनच.

पालकसभेचा निरोपही ‘घरच्या मोठ्या माणसाला पाठव’ असा द्या. शिक्षण हक्क कायद्यानुसार (२००९) शाळा व्यवस्थापन समितीत किमान तीन चतुर्थांश सदस्य माता-पिता किंवा पालक असावे लागतात, आणि मुलाला सांभाळणारी व्यक्ती पालकच. तेव्हा आजीलाही जागा आहे.

१ मे २०२४ नंतर जन्मलेल्यांच्या नावात वडिलांच्या आधी आईचं नाव लागतं, पण ती मुलं पहिलीत यायला २०३० उजाडेल. तोवर हजेरी नुसत्या पहिल्या नावाने घ्यायला कुणाची हरकत नसावी.

एखादं मूल हंगामात आई-वडिलांसोबत निघालंच, तर शिक्षण हमी पत्रक द्यायला विसरू नका. त्यात इयत्ता आणि प्रगती नोंदवलेली असते, म्हणून कारखान्याजवळच्या शाळेत त्याला पुन्हा पहिल्यापासून बसवत नाहीत.