हलव्याचे दागिने

मकरसंक्रांत जवळ आली की शहरातील मिठाईच्या दुकानांतून पांढऱ्या, गुलाबी व केशरी हलव्याच्या बरण्या दिसू लागतात, आणि त्यांच्या शेजारी पुठ्ठ्याच्या पेट्यांत हलव्याचे हार, बाजूबंद आणि बाळकृष्णाचा मुकुट मांडलेला असतो. पैसे मोजले की पेटी घरी येते. त्यात गैर असे काही नाही. परंतु हा हलवा मुळात घरी करावयाचा असतो, आणि तो करून आपल्या माणसांना द्यावयाचा असतो, ही गोष्टच पुष्कळ सुशिक्षित कुटुंबांतून विस्मृतीत जात चालली आहे. मराठी घरांत हाताने करून द्यावयाच्या भेटी काही थोड्या नाहीत. दिवाळीचा फराळ आहे, बाळंतविड्यातील दुपटी व टोपडी आहेत, जुन्या लुगड्यांची गोधडी आहे. ह्या साऱ्यांत हलव्याचे वैशिष्ट्य असे की, त्याला लागणारे साहित्य अगदी क्षुल्लक आणि त्याला लागणारा वेळ मात्र अतिशय मोठा. मूठभर तीळ आणि थोडी साखर ही कोणाच्याही घरात असते. नसतो तो वेळ. म्हणून हलव्याची भेट ही खरोखर वेळेची भेट होय.

हलवा करण्याची रीत सांगावयास सोपी आणि साधावयास कठीण आहे. तीळ निवडून, पाखडून, मंद आचेवर किंचित गरम करून घ्यावेत. साखर बुडेल इतके पाणी घालून पाक करावा. तो उकळताना त्यात चमचाभर दूध घातले म्हणजे साखरेतील मळी वर येते, ती काढून टाकून पाक गाळून घ्यावा. पाक बोटांना चिकट लागला पाहिजे, परंतु त्याची तार येता कामा नये. नंतर पितळेची कल्हई केलेली परात अथवा स्वच्छ जाड बुडाचे पसरट पातेले मंद निखाऱ्यांवर ठेवावे. आता शेगडीची जागा गॅसने घेतली आहे; तेव्हा ज्योत अगदी बारीक करून खाली तवा ठेवला म्हणजे आच सर्वत्र सारखी लागते. परातीत तीळ पसरून त्यांवर चमचाभरच पाक घालावा आणि बोटांच्या टोकांनी ते हलवीत राहावे. पाक सुकला, तीळ सुटे झाले, की पुन्हा चमचाभर पाक, पुन्हा हलविणे, पुन्हा सुकविणे. ‘हलविणे’ ह्या क्रियेची आठवण पदार्थाच्या नावातच असावी असे कोणालाही वाटावे, इतके हे हलविणे त्याच्या जिवाशी निगडित आहे.

पहिल्या दिवशी तिळांवर केवळ पांढरे पांघरूण चढते आणि नवख्या मनुष्याचा धीर सुटतो. दुसऱ्या दिवशी दाणा गोल व जाड दिसू लागतो. त्यानंतर केव्हा तरी, बोटांना आधी जाणवेल आणि डोळ्यांना मागाहून दिसेल अशा रीतीने, त्यावर बारीक काटा उमटतो. रोज काही तास याप्रमाणे तीन-चार दिवस हे काम चालते. चांगला काटेरी हलवा ज्या घरी होतो, त्या घरात कोणीतरी परातीपाशी बसून राहिलेले असते, हे निराळे सांगावयास नको.

हा काटा येतो कसा? साखरेचा एक साधा गुण त्याच्या मुळाशी आहे. नेहमीच्या तपमानात १०० ग्रॅम पाण्यात सुमारे २०० ग्रॅम साखर विरघळते, आणि उकळत्या पाण्यात ह्या प्रमाणाच्या दुपटीहून अधिक. परातीत पडलेल्या पाकातील पाणी उडून जाऊ लागले की उरलेल्या पाण्यात इतकी साखर मावेनाशी होते आणि ती स्फटिकरूपाने बाहेर पडते. बाहेर पडताना ती आधी असलेल्या स्फटिकावर बसणे पसंत करते. म्हणून परातभर खडे न होता तिळावरच थर चढत जातो. एकदा थर थोडा उंचसखल झाला की उंचवट्यांना पाक अधिक लागतो आणि तेथे तो लवकर सुकतो. उंचवटा अधिक उंच होतो, आणि त्याचाच पुढे काटा बनतो.

हे कारण ध्यानात घेतले म्हणजे घरोघरच्या अनुभवी स्त्रिया जे नियम सांगत आल्या आहेत, त्यांचे मर्म कळते. पाक एकदम पुष्कळ घातला तर दाणे एकमेकांना चिकटून गोळे होतात, कारण पाणी उडण्यास सवडच राहात नाही. पाक फार घट्ट झाला तर तो दाण्यावर बसण्याआधीच परातीत त्याची भुकटी होते. आच वाढली तर साखर पिवळी पडते. तळहाताने चोळल्यास आलेला काटा मोडतो; म्हणून बोटांची टोकेच वापरावयाची आणि तीही हलक्या हाताने. परातीला चिकटलेली साखर मधून मधून काढून टाकावयाची, दाणे चाळून भुकटी वेगळी करावयाची, आणि मगच पुढचा पाक घालावयाचा. तसे न केल्यास नवी साखर त्या भुकटीवरच बसते आणि दाणा उपाशी राहतो. हलव्याला थंडी मानवते हेही ह्याच कारणाने. पौषातील हवा कोरडी असते, ओलावा झटकन उडतो. आषाढात हाच उद्योग आरंभिला तर परातीत चिकट तिळांखेरीज दुसरे काही हाती लागणार नाही.

तिळावर साखर चढविण्याची ही कला केवळ आपल्याकडेच आहे असे मात्र नाही. जपानात ‘कोंपेइतो’ नावाची, काटेरी हलव्याशी विलक्षण साम्य असलेली मिठाई आहे. तिचे नाव पोर्तुगीज भाषेतील ‘कॉन्फेइतु’ ह्या शब्दावरून आले. १५६९ साली लुइस फ्रोइस ह्या जेझुइट धर्मोपदेशकाने ओदा नोबुनागा ह्या जपानी सत्ताधीशाची भेट घेतली, तेव्हा काचेच्या भांड्यात भरलेली ही साखरेची मिठाई त्याला नजर केली होती. हा फ्रोइस जपानास जाण्यापूर्वी १५४८ साली गोव्यास आला होता आणि तेथे त्याने काही वर्षे काढली होती. पुढे इहारा साइकाकू ह्या जपानी लेखकाने १६८८ सालच्या आपल्या ग्रंथात ही मिठाई तिळाच्या दाण्यावर साखर चढवून कशी करतात ते सांगितले आहे. आज जपानात ती तापविलेल्या, तिरप्या, फिरत्या कढयांत होते आणि तयार होण्यास तरीही सुमारे दोन आठवडे लागतात. यंत्राने मनुष्याच्या हाताचे श्रम वाचविले, परंतु साखरेला घाई करावयास लावणे त्यालाही साधले नाही.

हलवा तयार झाला म्हणजे अर्धेच काम झाले. पुढचे काम दागिन्यांचे. लग्नानंतरच्या पहिल्या संक्रांतीला नव्या सुनेला काळी चंद्रकळा नेसवून हलव्याच्या दागिन्यांनी सजविण्याची चाल महाराष्ट्रात आहे. मंगळसूत्र, तन्मणी, हार, बाजूबंद, बांगड्या, कर्णफुले, नथ, बिंदी, कंबरपट्टा असा सारा साज त्यात असतो. जावयासाठी हार व गुच्छ करतात. लहान मुलांना बोरन्हाणाच्या वेळी मुकुट, हार आणि चिमुकली बासरी मिळते. दागिन्यांसाठी निरनिराळ्या आकाराचे दाणे लागतात. म्हणून खसखस, तीळ, साबुदाणा, हरभऱ्याची डाळ अशा वेगवेगळ्या दाण्यांवर हलवा करून ठेवतात. नाजूक कामाला खसखशीचा, पदकाला वा लोलकाला डाळीचा.

दाणे ओवण्यास सुईचा उपयोग होत नाही, कारण भोक पाडू गेल्यास दाणा फुटतो. दोऱ्याचा फास करून त्यात एकेक दाणा धरावयाचा आणि गाठ आवळावयाची. दाण्याला काटा असला म्हणजे दोरा त्यात अडकून बसतो, घसरत नाही. गुळगुळीत दाणा मात्र निसटतो. ज्या काट्यासाठी चार दिवस परातीपाशी काढले, तो केवळ शोभेसाठी नव्हता, हे येथे कळून येते. अशा माळा तयार झाल्या की काळ्या कापडाने मढविलेल्या पुठ्ठ्यावर त्या बसवाव्यात आणि कडेने जर लावावी. काळ्यावर पांढरा हलवा जितका खुलतो तितका दुसऱ्या कोणत्याही रंगावर खुलत नाही. रंगीत दाणे हवे असल्यास शेवटच्या काही पुटांच्या पाकात केशर किंवा बीटाचा रस मिसळावा.

ह्या दागिन्यांत एक फार शहाणपणाची गोष्ट आहे. विवाहात सोने कोणी किती घातले ह्याची मोजदाद होते आणि तीवरून मने दुखावतात. हलव्याचा साज मात्र गरिबाच्या व श्रीमंताच्या घरी एकाच साखरेचा असतो. तो सोनाराकडे नेता येत नाही, गहाण टाकता येत नाही, आणि कपाटात ठेवून पिढ्यान्‌पिढ्या मिरविताही येत नाही. त्याची किंमत एवढीच की, नव्याने घरात आलेल्या मुलीसाठी त्या घरातील कोणीतरी चार दिवस खपले. सासूने सुनेला हे बसल्या बसल्या सांगण्याचीही गरज नसते; बोटांना पडलेले चटके ते सांगत असतात.

परंतु ज्या हातांनी हा साज होत असे, त्या हातांचा विचार झाल्याशिवाय हा विषय पुरा होत नाही. जुन्या एकत्र कुटुंबात परातीपाशी बसण्याची सवड पुष्कळदा घरातील विधवा आत्याला किंवा काकूला असे. तिने केलेला हलवा सर्व आळीत वाटला जाई, तिने गुंफलेले दागिने सून लेई. मात्र त्याच संध्याकाळी हळदीकुंकवाच्या बैठकीत तिला स्थान नसे. भेट स्वीकारावयाची आणि भेट करणारीला दाराआड ठेवावयाचे, हा अन्याय गोड पदार्थाने झाकला जात नाही. ह्या बाबतीत काळ हळूहळू पालटत आहे. कोल्हापूर जिल्ह्यातील हेरवाडच्या ग्रामपंचायतीने २०२२ साली विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला, आणि त्याच महिन्यात राज्य शासनाने इतर ग्रामपंचायतींनीही त्याचे अनुकरण करावे असे परिपत्रक काढले. ठराव गावाचा असतो. तो पाळावयाचा असतो घराने. ज्या घरात हलव्याची पहिली वाटी परातीपाशी बसलेल्या स्त्रीच्या हाती, मग ती सुवासिनी असो वा नसो, सन्मानाने दिली जाते, त्या घरातील संक्रांत खरी गोड म्हणावयाची.

ज्यांना यंदा हा उद्योग करून पाहावयाचा असेल त्यांनी काही व्यावहारिक गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. संक्रांत हा सूर्याच्या गतीवर अवलंबून असलेला सण असल्यामुळे सध्या तो १४ किंवा १५ जानेवारीस येतो. तेव्हा जानेवारीच्या आरंभीच परात बाहेर काढावी. उशीर झाला तरी हिरमुसण्याचे कारण नाही. तिळगुळाचा व हळदीकुंकवाचा काळ माघ शुद्ध सप्तमीपर्यंत, म्हणजे रथसप्तमीपर्यंत चालतो. पहिल्या खेपेस मूठभरच तीळ घ्यावेत. दाणा फुगत जातो व परात भरत जाते, ह्याचा अंदाज नवख्यास नसतो. तयार हलवा पूर्ण निवल्यावर घट्ट झाकणाच्या कोरड्या डब्यात भरावा. तो कोरडा राहिला तर बरेच दिवस टिकतो, आणि म्हणून परगावी किंवा परदेशी असलेल्या लेकीसुनांना व मित्रांना टपालाने पाठविण्यास ह्याच्यासारखी दुसरी मिठाई नाही. गोंद व दोरा लागलेले दागिने खाण्यास देऊ नयेत. खाण्याचा हलवा निराळा ठेवावा. बोरन्हाणाच्या वेळी विशेष जपावे. हलव्याचे कठीण दाणे, शेंगदाणे व बोरांच्या बिया लहान मुलाच्या घशात अडकू शकतात. म्हणून ते डोक्यावरून ओतताना मुलाच्या तोंडात काही जात नाही ना, हे एका मोठ्या माणसाने पाहात बसावे.

सर्वांत महत्त्वाची सूचना निराळीच आहे. हे काम एकट्याने करू नये. परात मध्ये ठेवून आजीने हलवावे, नातवाने पाक घालावा, मुलीने दाणे चाळावेत आणि घरातील पुरुषांनी दोऱ्याच्या गाठी माराव्यात. पाक किती चिकट असावा, दाणा सुकला हे कशावरून ओळखावे, हात केव्हा थांबवावा, ह्या गोष्टी पुस्तकात कितीही लिहिल्या तरी त्या पुस्तकातून उतरत नाहीत. त्या एका हातातून दुसऱ्या हातात जातात. एखाद्या घरातील जाणती स्त्री गेली आणि तिच्या शेजारी कोणी बसले नसेल, तर त्या घरातील हलव्याचा काटा तिच्याबरोबरच जातो. मग दुकानाची पेटी आणण्याखेरीज गत्यंतर उरत नाही.

एक तीळ सात जणांनी वाटून खावा अशी म्हण आहे. एवढासा तीळ सातांना पुरावा कसा, असा प्रश्न कोणी विचारील. परातीपाशी चार दिवस बसलेल्याला तो पडत नाही. त्याच्या डोळ्यांदेखत एकेका चमच्याने तो तीळ मोठा झालेला असतो, आणि ‘तिळगुळ घ्या, गोड बोला’ असे म्हणून तो दुसऱ्याच्या तळहातावर ठेवताना, आपण काय देत आहोत हे त्याला पुरते ठाऊक असते.