अर्ध्या किलोच्या टॉवेलात रोम

रोम पाहायला गेलेल्या माणसाचा पहिला दिवस आकडे ऐकण्यात जातो. सकाळी कोलोसियम : १८८ मीटर लांब, १५६ मीटर रुंद, आत शिरायला ८० कमानी, सुमारे ५०,००० प्रेक्षकांची सोय. इ.स. ८० मध्ये तिथे खेळ सुरू झाले, तोवर अंदाजे एक लाख घनमीटर दगड रचून झाला होता आणि तो जखडायला ३०० टन लोखंड लागलं होतं. दुपारी पँथिऑन : ४३.३ मीटर व्यासाचा घुमट, आत लोखंडाची एकही सळई नाही, आणि जमिनीपासून माथ्यापर्यंतची उंचीही तेवढीच. संध्याकाळी टायबर ओलांडून सेंट पीटर्स. तिथल्या घुमटाच्या माथ्यावर जायला ५५१ पायऱ्या.

सोलापूरकराला यातल्या घुमटाचं तितकं नवल वाटणार नाही. इथून शंभर किलोमीटरवर विजापूर आहे. १६५६ साली पूर्ण झालेल्या गोल घुमटाचा बाहेरून व्यास ४४ मीटर भरतो. शाळेच्या सहलीत तिथे जाऊन आपण सगळ्यांनीच हाका मारल्या आहेत.

मला खरं नवल वाटतं ते रात्री हॉटेलच्या न्हाणीघरात टांगलेल्या पांढऱ्या टॉवेलाचं. दिवसभर दगडांचे आकडे सांगणाऱ्या त्या शहरात या टॉवेलाचा आकडा कुणी सांगत नाही. तो सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीतलाच असेल असं नाही, पण असू शकतो. तेलंगणातून आलेल्या पद्मशाली विणकरांनी सोलापुरात हातमाग रुजवला. पुढे यंत्रमाग आले, आणि आज इथला टर्किश टॉवेल समुद्र ओलांडून दूरवर जातो.

त्या टॉवेलाचा हिशोब आपणच मांडू. पाऊण मीटर रुंद, दीड मीटर लांब, वजन अर्धा किलो. सूत सगळं १२ नंबरचं धरू. सुताचा नंबर म्हणजे काय, तर एका पौंडात ८४० वारांच्या किती लडी बसतात तो आकडा. बारा लडी म्हणजे पौंडाला १०,०८० वार. अर्ध्या किलोत किती? १०.२ किलोमीटर.

कोलोसियमपासून पँथिऑनवरून सेंट पीटर्सपर्यंत चालत साधारण चार किलोमीटर. जाऊन परत यायला आठ. म्हणजे या टॉवेलाचं टोक धरून सकाळी निघालात आणि सूत सोडत चाललात, तर दिवसभराची सगळी पायपीट करून संध्याकाळी मुक्कामी परत याल, तरी दोन किलोमीटर सूत हातात उरेल. सम्राट ऑरेलियनने तिसऱ्या शतकात रोमभोवती जी तटबंदी उभारली ती १९ किलोमीटरची. तिला वेढा घालायला दोन टॉवेल पुरतात. इकडे सोलापूर ते अक्कलकोट, म्हणजे गुरुवारी स्वामींच्या दर्शनाला जायची वाट, चार टॉवेलांची.

हातभर कापडात एवढी लांबी लपते कुठे? लूपमध्ये. टॉवेलाच्या मागावर ताण्याचे, म्हणजे उभ्या धाग्यांचे, दोन बीम असतात. एकाचा ताणा घट्ट, दुसऱ्याचा सैल. आडवे धागे टाकताना पहिले दोन जरा मागेच ठेवायचे आणि तिसरा पडला की फणीने तिन्ही एकदम पुढे ठोकायचे. घट्ट ताणा जागचा हलत नाही, सैल ताणा पुढे रेटला जातो आणि त्याचा लूप वर उभा राहतो. पाणी शोषून घेतात ते हे लूप. सेंटिमीटरला १६ आडवे धागे धरले तर दीड मीटरमध्ये २,४०० धागे, म्हणजे लुपांच्या ८०० ओळी. रुंदीत सैल ताण्याचे ९०० धागे धरा. दोन्ही बाजू मिळून ७ लाख २० हजार लूप झाले! कोलोसियम चौदा वेळा खच्चून भरेल एवढे, आणि आपण त्याला तोंड पुसतो.

आता वेळ. आडवा धागा नेणारा धोटा मिनिटाला १५० वेळा फेकणारा जुना माग घेतला, तर २,४०० धाग्यांना १६ मिनिटं लागतात. धोटा एवढ्या वेळात टॉवेलाच्या या काठापासून त्या काठापर्यंत ये-जा करत १.८ किलोमीटर धावतो. बारा तासांच्या पाळीत तो १ लाख ८ हजार वेळा इकडून तिकडे जातो. कामगार एकाच मागावर नसतो. चार माग सांभाळणाऱ्याच्या कानावर दिवसाला ४ लाख ३२ हजार ठोके पडतात, त्यातही सूत तुटलं की नेमका तोच माग थांबवून त्याला गाठ मारावी लागते. रोमच्या दगडांची मोजदाद करणाऱ्यांनी हे ठोकेही कधीतरी मोजावेत असं मला मनापासून वाटतं.

सोलापूर ते रोम सरळ हवाई अंतर अंदाजे ६,५०० किलोमीटर. तेवढं सूत भरायला ६४० टॉवेल लागतील, वजन ३२० किलो. पृथ्वीच्या विषुववृत्ताला एक फेरा घालायचा तर ४,००० टॉवेल, दोन टन. एका टेम्पोत मावेल एवढा माल. त्या ६४० टॉवेलांना एकच माग लावला आणि तो रात्रंदिवस न थांबता चालला, तर १७१ तास लागतात. म्हणजे सोमवारी सकाळी अक्कलकोट रोडवर बटण दाबलं, तर पुढच्या सोमवारी दुपारच्या जेवणाआधी त्याचं सूत रोमला पोचलेलं असेल. आणि एमआयडीसीत माग काही एकच नाही.