मधल्या पाठीचा अर्धा तास

८ सप्टेंबरला जागतिक फिजिओथेरपी दिन साजरा झाला आणि दुसऱ्याच दिवशी, ९ सप्टेंबर २०२५ रोजी, केंद्राच्या आरोग्य सेवा महासंचालनालयाचं पत्र निघालं: फिजिओथेरपिस्टनी नावाआधी ‘डॉ.’ लावू नये. १० तारखेला ते मागेही घेतलं गेलं. पण आमच्या व्यवसायात तेव्हा दुसरा विषयच नव्हता. माझ्या जिव्हारी लागलं ते वेगळंच. आमच्या कामाचा एवढा मोठा वाद झाला, तो एका उपाधीवर. रुग्णाच्या वाट्याला येणारा वेळ आटत चालला आहे, यावर मात्र कुणी ब्र काढला नाही. तो वेळ कसा गेला, हे मधल्या पाठीच्या दुखण्यावरून नेमकं सांगता येतं. कारण हात लावल्याशिवाय आणि ऐकून घेतल्याशिवाय ते दुखणं कळतच नाही.

सुरुवातीची वर्षं भराभर सांगते. १९५० च्या दशकात, पोलिओचा काळ होता तेव्हा, मुंबईच्या केईएम रुग्णालयात जागतिक आरोग्य संघटनेच्या मदतीने फिजिओथेरपीचं शिक्षण सुरू झालं. पुढची काही दशकं पोलिओ, अर्धांगवायू आणि प्लास्टरमधून निघालेले हातपाय यांतच गेली. पाठ दुखली तर ‘पडून राहा’ हाच सल्ला. घरी उसण भरली की शेक, तेल, नाहीतर पायाळू माणसाचा पाय पाठीला लावून घ्यायचा. १९९५ मध्ये हेलसिंकी महापालिकेच्या कर्मचाऱ्यांवरचा अभ्यास प्रसिद्ध झाला. कंबर धरल्यावर अंथरुणात पडून राहिलेल्यांपेक्षा जमेल तशी रोजची कामं करत राहिलेले लवकर बरे झाले होते. आपल्याकडे मात्र ‘पडून राहा’ पुढेही बरीच वर्षं टिकून राहिलं.

माझं दशक २००० ते २०१०. पुण्यात हिंजवडी आयटी कंपन्यांनी भरत होती, बँकांतली लेजरं जाऊन कॉम्प्युटर आले होते आणि मानेच्या खाली, कंबरेच्या वर, दोन खांद्यांच्या फऱ्यांमध्ये बोट ठेवून ‘इथं दुखतं’ म्हणणारी माणसं वाढत होती. मी ज्या मॅडमच्या हाताखाली शिकले, त्यांचा दंडक होता: पहिल्या भेटीला अर्धा तास, आणि त्यातली पहिली दहा मिनिटं फक्त ऐकायचं.

एक पोळीभाजी केंद्र चालवणाऱ्या ताई आल्या होत्या. पहाटेपासून दुपारपर्यंत पोळ्या लाटायच्या. मागच्या दोन ठिकाणी एक्स-रे झाला होता, पट्टा मिळाला होता, गोळ्या झाल्या होत्या. मॅडमनी विचारलं, “ओटा कुठवर येतो तुमच्या?” ताईंनी हात बरगडीपाशी नेला. उंच ओटा, ठेंगण्या ताई. दर पोळीला दोन्ही खांदे कानाकडे. हा प्रश्न आधी कुणी विचारलाच नव्हता.

मग तपासणी. स्टुलावर बसवून, हात छातीवर दुमडून, कंबर न हलवता डावीउजवीकडे वळायला सांगितलं. उजवीकडे त्या अर्ध्यातच अडल्या. खोल श्वास घेतल्यावर चमक निघाली. पालथं झोपवून मॅडमनी एकेका मणक्यावर अंगठे ठेवून हलका, तालात दाब दिला. ऑस्ट्रेलियाच्या जेफ्री मेटलंड यांनी रुजवलेली ही पद्धत. सहाव्या-सातव्या मणक्यापाशी ताई म्हणाल्या, “हांऽ, इथंच.” मॅडमनी माझे अंगठे तिथे ठेवले. वरखालचे मणके दाबाला साथ देत होते. ते दोन मात्र बरीच वर्षं न उघडलेल्या दाराच्या बिजागरीसारखे घट्ट होते.

पाठीच्या या भागात १२ मणके आणि बरगड्यांच्या १२ जोड्या. प्रत्येक श्वासाला बरगड्यांचे सांधे हलतात. माणूस तासन्‌तास पुढे वाकून राहिला की हे सांधे आखडतात, फऱ्यांमधले स्नायू ताणून थकतात आणि दुखणं मुक्काम करतं. गादी सरकण्याचा त्रास कंबरेच्या आणि मानेच्या मानाने इथे क्वचित. म्हणून एमआरआयमध्ये बरेचदा काही सापडत नाही आणि रुग्णाला ‘तुम्हाला काही झालेलं नाही’ ऐकावं लागतं. याउलट मणक्यांचा क्षयरोग आणि हाडं ठिसूळ झाल्यावरचं मणक्याचं फ्रॅक्चर या भागात बरेचदा दिसतात. हृदयाचं किंवा पित्ताशयाचं दुखणंही इथे उमटतं. नागिणीचे फोड उठण्याआधीची आग इथेही होते. म्हणून मॅडम दर रुग्णाला विचारायच्या: रात्री झोपेतून उठवतं का? ताप, वजन घटणं? पायांत जोर कमी झालाय? लघवीवरचा ताबा गेलाय? पडलात का? यातलं एक जरी ‘हो’ आलं, तरी व्यायाम थांबवून आधी डॉक्टरकडे चिठ्ठी.

ताईंना उभं राहायला लाकडी पाट मिळाला. मधल्या पाठीखाली टॉवेलची गुंडाळी ठेवून उताणं पडून श्वास, बसून वळणं, रबरी पट्टी मागे ओढून फऱ्यांना ताकद, आणि लाटताना मधूनमधून थांबणं. काही आठवड्यांत त्या दोन्हीकडे सारख्या वळू लागल्या. मशीनचा प्लग भिंतीत गेलाही नाही.

त्याच दशकाच्या उत्तरार्धात ही रीत मोडली. मी ज्या मोठ्या रुग्णालयात रुजू झाले, तिथे पडद्याआड ओळीने खाटा होत्या. वरून चिठ्ठी यायची: ‘एसडब्ल्यूडी (मशीनचा शेक), आयएफटी (इंटरफेरेन्शियल करंट), १० दिवस.’ मान असो, पाठ असो, कंबर असो, चिठ्ठी एकच. शेक द्या, करंटच्या गाद्या चिकटवा, घंटी वाजली की पुढचा. तपासायला थांबलं की ‘रांग वाढतेय’ म्हणून निरोप यायचा. दहा दिवसांचं पॅकेज विकलं जात होतं; दुखणं का आलं, हे विचारायची त्यात सोयच नव्हती. ज्यांनी हा हिशेब बसवला, त्यांनी एका पिढीच्या हातांची विद्या घालवली. त्यांच्यावरचा माझा राग आजही तेवढाच आहे.

पुढचं लवकर संपतं. २०१६ मध्ये ब्रिटनच्या ‘नाइस’ या संस्थेने कंबरदुखीसाठी अल्ट्रासाउंड, इंटरफेरेन्शियल, ट्रॅक्शन, पट्टे देऊ नका, असं स्पष्ट लिहिलं आणि व्यायामावर भर दिला. मधल्या पाठीवर वेगळं संशोधन त्या मानाने थोडं. पण पट्टा आणि करंट तिच्या बाबतीत तरी वेगळं काय साधणार? २०२० च्या टाळेबंदीत पलंगावर लॅपटॉप आला आणि विशी-तिशीतली मुलं हीच तक्रार घेऊन येऊ लागली. आता मोबाइलवर पाठ कडकन वाजवणाऱ्यांचे व्हिडिओ पाहून ती येतात आणि ‘मणका जागेवर बसवा’ म्हणतात. मणका सरकलेलाच नसतो. तो आवाज सांध्यातल्या द्रवातल्या वायूचा. त्याने घटकाभर मोकळं वाटतं, ताकद येत नाही. ठिसूळ हाडांच्या आजींवर कुणी हा प्रयोग केला तर मणका मोडू शकतो.

२०२१ च्या कायद्याने आमच्या व्यवसायाला राष्ट्रीय आयोग दिला, हे चांगलंच झालं. त्या आयोगाने उपाधीच्या आधी अर्ध्या तासाची हमी लिहावी: पहिल्या भेटीत तपासणी झाल्याशिवाय मशीन नाही आणि पॅकेजही नाही. रुग्णांनीही पैसे भरण्याआधी विचारावं, “माझी पाठ का दुखते आणि मी घरी काय करायचं?” याचं उत्तर जिथे मिळणार नाही, तिथून सरळ उठावं. मॅडम आज नाहीत, पण त्यांनी शिकवलेले अंगठे अजून या शहरात काम करताहेत. त्यांना वेळ द्या. मधली पाठ बरी होते, हे मी पाहिलेलं आहे.