पाकीट खरं, पत्र खोटं

कुंभकोणमच्या सारंगपाणी सन्निधी रस्त्यावर एक बैठं कौलारू घर आहे. श्रीनिवास रामानुजन याच घरात वाढले. सिटी युनियन बँकेचं मुख्यालयही याच गावात. १९०४ साली 'कुंभकोणम बँक' या नावाने ती सुरू झाली. ऑफिसच्या मेलमधला स्पॅम फिल्टर रोज कोणत्या पेचात सापडतो, ते या गावातल्या दोन गोष्टींवरून नीट कळतं.

पहिली गोष्ट रामानुजनांची. १६ जानेवारी १९१३ रोजी मद्रास पोर्ट ट्रस्टमधल्या या कारकुनाने केंब्रिजचे गणितज्ञ जी. एच. हार्डी यांना पत्र लिहिलं. ओळख नाही, पदवी नाही, दावे मात्र अचाट. त्याआधी केंब्रिजच्याच दोन गणितज्ञांना पाठवलेली पत्रं निष्फळ ठरली होती. ही फसवणूक तर नसेल, अशी शंका हार्डींनाही आली. तरी ते संध्याकाळी सहकारी गणितज्ञ लिटलवुड यांना घेऊन सूत्रं तपासायला बसले. हे पत्र एका प्रतिभावंताचं आहे, हे रात्र सरायच्या आत दोघांना पटलं.

स्पॅम फिल्टर हीच छाननी काही क्षणांत करतो. आधी पाकीट पाहतो. मेल ज्या सर्व्हरवरून आला, तो संबंधित डोमेनने जाहीर केलेल्या यादीत आहे का, हे 'एसपीएफ' तपासतं. 'डीकेआयएम' ही डिजिटल सही. वाटेत मजकूर बदलला, तर ती जुळत नाही. या तपासण्यांत नापास झालेल्या मेलचं काय करायचं, हे डोमेनचा मालक 'डीमार्क'मधून सांगून ठेवतो.

मग मजकुराची पाळी. इथे थॉमस बेझ यांचं १७६३ साली प्रसिद्ध झालेलं संभाव्यतेचं गणित कामी येतं. समजा, शंभर स्पॅम मेलपैकी ६० मेलमध्ये 'बक्षीस' हा शब्द आहे आणि कामाच्या शंभर मेलपैकी फक्त दोनांत. दोन्ही प्रकारचे मेल सारख्याच संख्येने येत असतील, तर हा शब्द असलेल्या ६२ मेलपैकी ६० स्पॅम ठरतील. अशा अनेक शब्दांचा कौल एकत्र करून मेलला गुण दिले जातात. 'कर्ज' हा शब्द बँकेत रोजचा, शाळेच्या ऑफिसात मात्र संशयास्पद. म्हणून फिल्टरला त्या त्या ऑफिसची भाषा शिकावी लागते. स्पॅममध्ये अडकलेला मेल आपण 'स्पॅम नाही' म्हणून परत आणतो, तेव्हा आपण त्याला तीच शिकवत असतो.

पॉल ग्रॅहॅम यांनी २००२ मध्ये ही पद्धत लोकप्रिय केली, तेव्हा चांगल्या मेलमधल्या शब्दांची मोजणी त्यांनी मुद्दाम दुप्पट धरली. एखादी जाहिरात आत आली तर क्षणभराचा त्रास होतो. खरं पत्र कचऱ्यात गेलं, तर काय हरवलं हे कळतसुद्धा नाही.

दुसरी गोष्ट नेमकी उलटी. फेब्रुवारी २०१८ मध्ये सिटी युनियन बँकेच्या नावाने 'स्विफ्ट' या बँकांच्या आंतरराष्ट्रीय संदेशजाळ्यातून सुमारे २० लाख डॉलर परदेशी पाठवण्याचे तीन आदेश गेले. ते ईमेल नव्हते, पण धडा तोच. आदेश बँकेच्या खऱ्या यंत्रणेतूनच निघाले होते, म्हणून पाकिटावर शंका घ्यायला जागाच नव्हती. ७ फेब्रुवारीला हिशेबाचा ताळमेळ घेताना चोरी उघडकीस आली आणि काही रक्कम वाटेतच अडवता आली.

रिझर्व्ह बँकेने २०२५ मध्ये देशातल्या बँकांसाठी 'डॉट बँक डॉट इन' हे वेगळं डोमेन ठरवून दिलं. त्यामुळे बँकेचं पाकीट ओळखणं सोपं होईल. पण नेहमीच्या पुरवठादाराच्या मेलखात्यात चोर शिरला, तर 'आमचा खाते क्रमांक बदलला आहे' हा मेल सगळ्या तपासण्या पार करून आपल्यापुढे येईल. तेव्हा पैसे पाठवण्याआधी आपल्याकडे पूर्वीपासून असलेल्या नंबरवर फोन करून विचारायलाच हवं. स्पॅमचा फोल्डरही आठवड्यातून एकदा उघडून पाहायला हवा.

फिल्टर ढीगभर मेल बाजूला काढतो, ते आपला वेळ वाचावा म्हणून. त्या वाचलेल्या वेळातली एक संध्याकाळ अनोळखी पत्रासाठी राखून ठेवावी, हार्डींनी ठेवली तशी.