बिघडलं तं कोनाले धरू?

अकोल्याच्या जुन्या शहरात एका डाळ मिलच्या कचेरीत बसलो होतो. मिलची भावपत्रकं आणि बिलं रोज ई-मेलने व्यापाऱ्यांकडे जातात. मी मालकांना सुचवलं, स्वतःचा मेल सर्व्हर उभारू. पोस्टफिक्स पत्रं पोचवील, डव्हकॉट ती पेटीत सांभाळील, परवान्याचा एक रुपयाही लागणार नाही. काकांनी चष्मा कपाळावर चढवला. "फुकटचं हाय म्हनता, मंग बिघडलं तं कोनाले धरू?"

प्रश्न रास्त होता. पण त्याच्या पोटात तीन-चार गैरसमज दडले होते. मी ही कामं रोज करतो, तरी यातले दोन एकेकाळी माझेही होते.

"आपण असलं काही वापरत नाही" हा त्यातला सर्वात गमतीचा. काकांना म्हटलं, जीमेलमधलं कोणतंही पत्र उघडा आणि 'शो ओरिजिनल' दाबा. पडदाभर ओळी आल्या. 'रिसीव्ह्ड'ने सुरू होणारी प्रत्येक ओळ म्हणजे वाटेतल्या एकेका टपाल कचेरीचा शिक्का, खालून वर वाचायचा. मुंबईच्या दलालाकडून आलेल्या त्या पत्राच्या दुसऱ्याच शिक्क्यात कंसात लिहिलं होतं, 'पोस्टफिक्स'. व्हित्से व्हेनेमा यांनी हे सॉफ्टवेअर आयबीएमच्या संशोधन केंद्रात लिहिलं आणि १९९८ मध्ये ते सर्वांसाठी खुलं झालं. काकांच्या डोक्यावर भिंतीला टांगलेल्या राऊटरमध्येही बहुधा लिनक्सच असणार. हातातल्या अँड्रॉइड फोनमध्ये तर आहेच.

दुसरी गल्लत शब्दाची. ओपन सोर्स म्हणजे फुकट, हे समीकरण डोक्यात इतकं घट्ट बसलंय की 'मोकळं' हा अर्थ मागेच पडतो. कोड वाचता येतो, बदलता येतो, पुढे देता येतो, पण अटींसह. लिंक्सिसच्या डब्ल्यूआरटी५४जी या राऊटरचा किस्सा त्यासाठी लक्षात ठेवण्यासारखा आहे. त्यात लिनक्स वापरलं होतं, पण कोड दिला नव्हता. जीपीएल परवान्यानुसार तो देणं भाग होतं. लोकांनी लावून धरलं आणि २००३ मध्ये कंपनीला कोड बाहेर काढावा लागला. त्याच कोडातून पुढे ओपनडब्ल्यूआरटी हा प्रकल्प उभा राहिला आणि जगभरचे जुने राऊटर भंगारात जायचे वाचले. फुकटच्या वस्तूला असा परवाना कशाला हवा होता?

पैसा कुठून येतो म्हणाल, तर अकोल्याची श्रावणातली कावड बघा. शेवटच्या सोमवारसाठी गांधीग्रामहून पूर्णेचं पाणी खांद्यावरून राजराजेश्वराला आणतात. खांदा देणाऱ्याला पगार नसतो, पण वाजंत्रीपासून फराळापर्यंतची वर्गणी मंडळाला गोळा करावीच लागते. सॉफ्टवेअरचंही असंच काहीसं आहे, फक्त इथे खांदा देणाऱ्यांपैकी बऱ्याच जणांना पगार असतो. लिनक्सच्या गाभ्याचं बहुतांश काम आज कंपन्यांचे पगारी नोकर करतात. मुंबईच्या फ्राप्पे कंपनीचं ईआरपीनेक्स्ट हे सॉफ्टवेअर जीपीएलखाली खुलं आहे. कंपनी पैसे घेते ते सर्व्हरवर चालवून देण्याचे आणि सेवेचे. कोणाला धरायचं याचं उत्तर इथे सापडतं. आधाराचा करार करा आणि ज्याच्याशी केला त्याला धरा. विकतच्या सॉफ्टवेअरचा परवाना काकांनी कधी वाचला असता, तर नुकसानीची जबाबदारी त्यातही किती आखडती घेतलेली असते हे कळलं असतं.

आता सुरक्षेकडे. "कोड उघडा, म्हंजे चोराले किल्लीच देल्ली." नाही. कुलूप कसं बनतं हे साऱ्या बाजाराला ठाऊक असलं, तरी तुमच्या कुलपाची किल्ली तुमच्याच कनवटीला असते. मात्र उलट्या बाजूचा गैरसमज मला जास्त धोक्याचा वाटतो, कारण तो आमच्या धंद्यातली माणसं पसरवतात. कोड सगळ्यांना दिसतो म्हणून चूक राहूच शकत नाही, असं ती छातीठोकपणे सांगतात. ओपनएसएसएलमधली 'हार्टब्लीड' ही चूक दोन वर्षं सगळ्यांच्या डोळ्यांसमोर होती. कळली एप्रिल २०१४ मध्ये. निम्मं जग ज्याच्या भरवशावर पासवर्ड पाठवत होतं, त्या प्रकल्पाला देणग्या मिळत होत्या वर्षाला दोनेक हजार डॉलर.

मार्च २०२४ चं प्रकरण तर कादंबरीत शोभावं असं. एक्सझेड या लहानशा लायब्ररीत 'जिया टान' नावाने वावरणाऱ्या कोणीतरी दोनेक वर्षं नेमाने काम करून विश्वास मिळवला आणि मग चोरदरवाजा बसवला. आंद्रेस फ्रॉइंड हा अभियंता वेगळंच काही मोजत होता. सर्व्हरवर लॉगिन व्हायला अर्धा सेकंद जास्त का लागतोय, ही खुटखूट त्याला स्वस्थ बसू देईना. कोड मोकळा होता म्हणून त्याला मुळापर्यंत जाता आलं. पण मोकळेपणाबरोबर तो अर्धा सेकंद खटकणारा माणूसही लागला.

राहिली काकांची मिल. सर्व्हर मिलमधल्याच कॉम्प्युटरवर टाकायचा त्यांचा हट्ट होता. बहुतेक घरगुती ब्रॉडबँडवर पत्रं बाहेर जाण्याचं २५ क्रमांकाचं दार बंद असतं आणि आयपी पत्ताही कायमचा नसतो. म्हणून स्थिर आयपीचा सर्व्हर भाड्याने घेतला. फुकटपणा तिथेच संपला. मग डोमेनवर नोंदी घातल्या. एसपीएफ म्हणजे मिलच्या नावाने पत्र टाकायची परवानगी कोणाकोणाला, याची यादी. डीकेआयएम म्हणजे प्रत्येक पत्रावरची मोहोर. डीमार्क सांगतं, यादी आणि मोहोर दोन्ही जुळत नसतील तर पत्राचं काय करायचं. फेब्रुवारी २०२४ पासून गूगल आणि याहूने घाऊक पत्रं पाठवणाऱ्यांना या तिन्ही सक्तीच्या केल्या आहेत.

एवढं करूनही पहिला गठ्ठा स्पॅममध्ये गेला. चूक माझी. आयपीवरून उलट नाव शोधलं तर ते जुळायला हवं. ती पीटीआर नोंद मी विसरलो होतो. शिवाय बिलिंगची सेवा मिलच्या नावाने वेगळीकडूनच पत्रं धाडत होती, तिचं नाव यादीत नव्हतं. दोन्ही दुरुस्त केल्यावर लॉगमध्ये 'सेंट' आणि पुढे २५० हा आकडा दिसू लागला. समोरच्या सर्व्हरने पत्र घेतलं, एवढाच त्याचा अर्थ. ते स्पॅममध्ये पडलं की नाही हे तो सांगत नाही. म्हणून दोन-तीन व्यापाऱ्यांना फोन करून खात्री करून घेतली.

आता लॉग दर सोमवारी वाचतो, त्याचे महिन्याचे पैसे ठरले आहेत. कावडीच्या सोमवारी जुन्या शहरात गाडी शिरत नाही, तेव्हा घरूनच एसएसएचने आत गेलो. एका व्यापाऱ्याच्या नावापुढे 'डिफर्ड' होतं आणि आकडा ४ ने सुरू होणारा, म्हणजे नंतर या. पेटी भरली होती त्याची. पोस्टफिक्स आपणहून पाच दिवस त्याचं दार वाजवत राहतं. काकांना फोनवर तसं सांगितलं.

"म्हंजे आपलं बिघडेल नाही?"

"नाही काका."

"मंग थांबा, त्यालेच धरतो," म्हणून त्यांनी फोन ठेवला.